स्मृतिभ्रंशाच्या डेटाथॉनला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी 21 सप्टेंबरच्या, म्हणजे जागतिक अल्झायमर दिनाच्या आगेमागे मला तेच तेच प्रश्न येतात. विचारणारे साधारण तीन प्रकारचे: संख्याशास्त्राचे विद्यार्थी, मानसशास्त्रातली मंडळी, आणि घरात आई किंवा सासरे विसरायला लागलेत म्हणून या विषयात शिरलेले आयटीवाले. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून काढलं.

डेटाथॉन म्हणजे नक्की काय? हॅकेथॉनचाच भाऊ का?

चुलतभाऊ म्हणा. हॅकेथॉनला शेवटच्या दिवशी चालणारं काहीतरी दाखवावं लागतं. डेटाथॉनला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा तेही सांगावं लागतं. दोन ते पाच दिवस, चार-सहा जणांचे गट, आधीच गोळा झालेला मोठा डेटा, आणि ‘शिक्षण कमी असलेल्या लोकांची स्मरणशक्ती खरंच लवकर घसरते, की आपली चाचणीच त्यांना कमी गुण देते?’ अशा धाटणीचा प्रश्न. गटात डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि कोड लिहिणारा असे सगळे एका टेबलाशी बसतात. एरवी ही माणसं एकमेकांना ईमेल पाठवून तीन-तीन आठवडे उत्तराची वाट बघतात. इथे खुर्ची वळवली की उत्तर मिळतं.

असे उपक्रम कुठे होतात?

मी तीन तऱ्हा बघितल्या आहेत. पहिली ब्रिटनमधली. तिथे मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पैशातून 2014 मध्ये ‘डिमेन्शियाज प्लॅटफॉर्म यूके’ सुरू झालं. वर्षानुवर्षं चाललेल्या अनेक कोहॉर्ट अभ्यासांचा (म्हणजे त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या अभ्यासांचा) डेटा त्यांनी एका सुरक्षित पोर्टलवर आणला आणि त्यावर डेटाथॉन भरवले. पोर्टलची तांत्रिक बाजू वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाकडे आहे. डेटा तुमच्या लॅपटॉपवर येतच नाही. तुम्ही पडद्यातून आत डोकावून काम करायचं आणि बाहेर न्यायचे ते फक्त तपासून दिलेले तक्ते.

दुसरी तऱ्हा कार्यशाळेची. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन हुआन बेटावर फ्रायडे हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठाच्या सागरी प्रयोगशाळेच्या आवारात वृद्धत्व आणि बुद्धिमापनाच्या संख्याशास्त्रावर आठवडाभराची कार्यशाळा भरत आली आहे. थोडी व्याख्यानं, बाकी सगळा वेळ गटात बसून डेटावर काम. या क्षेत्रातल्या बऱ्याच चांगल्या पेपरांची सुरुवात अशा टेबलांवर झालेली आहे.

तिसरी तऱ्हा स्पर्धेची. घरबसल्या भाग घ्यायचा, एकच डेटा सगळ्यांना, एकच शेवटची तारीख. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण शिकण्यासारखं तिथे खूप आहे.

मला कोडिंग येत नाही. येऊन उपयोग आहे का?

आहे, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही.

एकदा आमच्या गटात पाच जण होतो. चौघांना आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा येत होती. पाचव्या बाईंनी आयुष्यभर घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या होत्या. दुपारपर्यंत आम्ही एका गोष्टीवर डोकं फोडत होतो: तारीख विचारल्यावर ग्रामीण बायकांचे गुण इतके का घसरतात? बाई म्हणाल्या, “अहो, त्यांना तारीख कशाला लागते? तिथी विचारा, बाजाराचा वार विचारा. चतुर्थी कधी आहे ते त्या झोपेतही सांगतील.” आमचा एक अख्खा चल, म्हणजे डेटातला एक स्तंभ, त्या वाक्यानं निकालात निघाला. त्या संध्याकाळी आम्ही तारखेचा प्रश्न वगळून सगळं गणित पुन्हा केलं, आणि गावशहरातली दरी बऱ्यापैकी कमी झाली.

डेटा येतो कुठून? कुणालाही मिळतो का?

फुकट मिळतो, पण हात जोडून अर्ज करावा लागतो.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा डेटा एडीएनआयचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या ‘अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह’चा. 2004 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पानं एक धाडसी निर्णय घेतला. गोळा होईल तो डेटा स्वतःच्या संशोधकांसाठी राखून न ठेवता जगाला वाटायचा. एमआरआय, रक्त, पाठीच्या कण्यातला द्रव, चाचण्यांचे गुण, सगळं. एक खोट मात्र लक्षात ठेवा. त्यात सहभागी झालेली माणसं बहुतांश गोरी आणि खूप शिकलेली आहेत. सरासरी शिक्षण 16 वर्षांच्या घरात. त्यावर शिकवलेलं मॉडेल मेळघाटात नेऊन चालेल अशी आशा करू नका.

भारतातलं सांगायचं तर सुरुवात देवनारहून करायला हवी. मुंबईच्या देवनारमधली आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था ‘लासी’ हा वाढत्या वयाचा देशव्यापी अभ्यास करते. पहिली फेरी 2017-18 मध्ये झाली आणि 45 वर्षांवरची माणसं व त्यांचे जोडीदार मिळून 72,000 हून जास्त लोकांच्या मुलाखती झाल्या. सोबत हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ होते. याच नमुन्यातून साठीवरच्या 4,096 जणांची जास्त खोलवर तपासणी झाली. त्याला ‘लासी-डॅड’ म्हणतात, आणि त्याची भारतातली धुरा दिल्लीच्या एम्सकडे. दोन्हींचा डेटा नोंदणी आणि करार करून संशोधकांना मिळतो. आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी परदेशी डेटासाठी महिनोन्महिने खटपट करतात आणि चेंबूरपासून रिक्षाच्या अंतरावर काय पडलंय हे त्यांना माहीत नसतं.

एकाच डेटातून दोन उत्तरं कशी येतात? मग खरं कुठलं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी लगेच गटात घेतो.

भारतात स्मृतिभ्रंश असलेले लोक किती? 2010 साली एआरडीएसआय या अल्झायमरवर काम करणाऱ्या भारतीय संस्थेच्या अहवालानं 37 लाख हा आकडा दिला होता. पुढे लासी-डॅडचा डेटा हाती आला. 2023 मध्ये एका पेपरनं म्हटलं, साठीवरच्या लोकांत 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख. त्याच वर्षी त्याच डेटावरच्या दुसऱ्या पेपरनं म्हटलं, 8.44 टक्के, म्हणजे एक कोटीच्या थोडं वर. फरक बारा लाख माणसांचा. लहानसहान जिल्ह्याची लोकसंख्या झाली ही!

कुणी चूक केली का? नाही. घडलं ते असं. डॉक्टरांनी प्रत्येकाचं निदान केलेलंच नव्हतं. ऑनलाइन पद्धतीत तीन-तीन डॉक्टर एकेका व्यक्तीची चाचणी आणि नातेवाइकांची मुलाखत वाचून स्वतंत्र मत देतात, मग मतभेद मिटवतात. असं निदान अडीच हजारांच्या आसपास लोकांचं झालं. उरलेल्या साठीवरच्या लासीकरांबाबत गणितानं अंदाज बांधायचा होता. एका पेपरनं तो नेहमीच्या सांख्यिकी मॉडेलनं बांधला, दुसऱ्यानं मशीन लर्निंगची एक तऱ्हा वापरली, जिच्यात निदान झालेले आणि न झालेले दोघांचाही डेटा एकत्र वापरतात. मॉडेल बदललं, अंदाज बदलला.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र टिकली: बायकांत, खेड्यात, वय वाढलेल्यांत प्रमाण जास्त. डेटाथॉनला मी हेच बघायला सांगतो. पद्धत बदलली तरी जे हलत नाही, त्यावर आधी बोट ठेवा. राज्याराज्यांतला फरक, पहिल्या पेपरात दिल्लीत 4.5 टक्के तर जम्मू-काश्मीरमध्ये 11 टक्के, हा मात्र मी दबक्या आवाजात सांगेन. एकेका राज्यातला नमुना लहान असतो आणि अंदाजावर अंदाज रचलेला असतो.

30 पैकी 24 पेक्षा कमी गुण म्हणजे स्मृतिभ्रंश, हे खरं ना?

ही सवय 1975 च्या एमएमएसई चाचणीपासून लागली. 30 गुण, 24 ची रेषा, दहा मिनिटांत काम. दवाखान्यात सोयीचं आहे, पण ही रेषा शाळेत गेलेल्यांसाठी आखलेली आहे. चाचणीत ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसं करायचं असतं, एक वाक्य लिहायचं असतं, शंभरातून सात-सात वजा करत जायचं असतं किंवा पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द उलट सांगायचा असतो. ज्या आजींनी पाटी कधी हातात धरली नाही, त्यांचे गुण स्मृतिभ्रंश नसतानाच गेले.

हरियाणातल्या बल्लभगडला 1990 च्या दशकात भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला तेव्हा ही अडचण उघडी पडली. पंचावन्नच्या वरच्या 5,126 लोकांचा तो नमुना, आणि त्यातले सुमारे 73 टक्के निरक्षर. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी मग हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन बनवली, 1995 मध्ये ती प्रसिद्ध झाली. वाचायचं वाक्य गेलं. त्याजागी ‘माझ्याकडे बघा, मी करतो तसं करा’ म्हणून परीक्षकच डोळे मिटतो. लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. वजाबाकीच्या जागी वारांची नावं उलटी. तारखेइतकंच ‘आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ?’ यालाही महत्त्व.

मोका नावाची दुसरी लोकप्रिय चाचणी 2005 ची. तीत बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिकलेल्याला एक गुण वाढवून देतात. एक गुण! शून्य इयत्ता शिकलेल्याला आणि बारावी झालेल्याला तेवढाच. गटात कुणी ‘शिक्षणाचा परिणाम काढून टाकलाय’ असं म्हणालं की मी विचारतो, कसा काढला? एक गुण वाढवून की खरोखर?

चाचणी मराठीत भाषांतरित केली की झालं ना?

नाही झालं. जरा थांबून बघा.

‘वर्ल्ड’ हा शब्द इंग्रजीत पाच अक्षरांचा. मराठीत ‘जग’. उलटा केला की ‘गज’. दोन अक्षरं, त्यात शब्दही अर्थपूर्ण, हत्तीच निघाला! चाचणी कसली उरली? मग मोठा शब्द घ्या म्हटलं, तर काना-मात्रा उलट्या कशा सांगायच्या यावर परीक्षक आणि आजोबांचं भांडण.

एका मिनिटात एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द सांगायचे असतात. इंग्रजीत हे सोपं. आपण ‘क’ दिला तर ‘काका’ चालेल का? ‘किल्ला’? ‘क्रिकेट’? ‘कृष्ण’? एक परीक्षक चालवतो, दुसरा नाही. डेटात दोघांचे गुण एकाच स्तंभात येऊन बसतात आणि लॅपटॉपपुढच्या माणसाला याची कल्पनाही नसते. म्हणून आपल्याकडच्या अभ्यासांत प्राण्यांची नावं सांगायला लावणं जास्त भरवशाचं ठरतं. प्राणी निरक्षरालाही येतात. शेतकरी तर शहरी माणसाला सहज मागे टाकतो. तरी वाद राहतोच: ‘गाय, बैल, वासरू, कालवड, खोंड’ हे पाच प्राणी की एक?

चित्रवर्णनाची गंमत आणखी वेगळी. वाचाघाताच्या एका अमेरिकन चाचणीतलं चित्र जगभर वापरलं जातं: बाई भांडी पुसतेय, सिंक भरून पाणी खाली वाहतंय, मागे मुलगा स्टुलावर चढून बरणीतल्या कुकीज चोरतोय आणि स्टूल कलंडतंय. माझ्या आईला ते दाखवलं. तिनं आधी नळ बंद का नाही केला यावर पाच मिनिटं भाषण दिलं. मग म्हणाली, “पोरगं डबा काढतंय.” कुकी, जार, चोरी यातला एकही शब्द आला नाही. नमुना-उत्तराशी ताडून पाहिलं असतं तर तिचे गुण कापले गेले असते. पाणी वाया जातंय हे मात्र तिच्या इतकं कुणाला टोचलं नसतं.

तेव्हा मराठी येणाऱ्या माणसाची गटातली किंमत इथे आहे. प्रश्नावलीची मराठी प्रत उघडा, एकेक प्रश्न मोठ्यानं वाचा, आणि ‘हा प्रश्न सांगलीच्या निवृत्त शिक्षकाला आणि गडचिरोलीतल्या भूमिहीन बाईला एकच गोष्ट विचारतोय का?’ हे लिहून ठेवा.

पहिल्या दिवशी प्रत्यक्ष काय काम चालतं?

कंटाळवाणं काम. डेटा डिक्शनरी, म्हणजे कुठल्या स्तंभात काय आहे आणि कुठल्या कोडचा अर्थ काय याची यादी, वाचणं. ज्याला हे नको असतं तो दुसऱ्या दिवशी रडतो.

माझं स्वतःचं उदाहरण देतो, कारण दुसऱ्याचं दिलं तर खोटं वाटेल. दहा शब्द ऐकवून थोड्या वेळानं आठवायला लावायची चाचणी होती. आमच्या पहिल्या आलेखात दिसलं की स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांना जास्त शब्द आठवतात. शेजारचा मुलगा उत्साहानं ‘नवीन शोध!’ म्हणाला. शोध कसला, ज्यांनी उत्तर द्यायला नकार दिला होता त्यांच्यासाठी 99 हा कोड होता. आजारी माणसंच जास्त नकार देतात, त्यामुळे 99 त्यांच्यातच जास्त. हिशोब करून बघा: 200 लोक, खरी सरासरी 4 शब्द, आणि सहाच जणांचा कोड 99 असला तरी सरासरी 6.85 होते. दहा शब्दांच्या चाचणीत.

तेव्हापासून माझा नियम आहे. प्रत्येक चलाची सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत आधी छापायची, मगच चहा.

दुसरं: सुरक्षित पोर्टलमध्ये बाहेरचं इंटरनेट नसतं. घरून लिहून आणलेला कोड चालेलच असं नाही, कारण लागणारं पॅकेज आत नसतं. यादी आधीच आयोजकांना पाठवा.

मॉडेल 90 टक्के अचूक आहे असं ऐकलं की खूश व्हावं का?

आधी विचारा, कितीजणांवर तपासलं?

2020 च्या इंटरस्पीच या वाणी-तंत्रज्ञानाच्या परिषदेत ‘अॅड्रेस’ नावाचं आव्हान ठेवलं गेलं. माणसाच्या बोलण्यावरून अल्झायमर ओळखायचा. वापरली ती मघाशी सांगितलेल्या चित्राचं वर्णन करणारी ध्वनिमुद्रणं. 78 रुग्ण, 78 निरोगी, वय आणि लिंग जुळवून घेतलेले. त्यातले 108 शिकण्यासाठी, 48 तपासणीसाठी. आयोजकांचं साधं मॉडेल आवाजावरून 62.5 टक्के आणि शब्दांवरून 75 टक्के बरोबर आलं. सर्वांत चांगल्या गटानं 89.6 टक्के गाठले. हा गट बोलण्यातलं अडखळणं आणि थांबेही मजकुरात धरत होता, ही कल्पना मला फार आवडली. पण आता भागाकार करा. 89.6 टक्के म्हणजे 48 पैकी 43. एक माणूस इकडचा तिकडे झाला की दोन टक्के हलतात. दोन गटांमधला दोन टक्क्यांचा फरक हा निव्वळ एका आजोबांचा फरक असू शकतो.

मग स्पर्धांमधून काही ठोस हाती लागलं का?

लागलं. टॅडपोल या आव्हानाची गोष्ट मी प्रत्येक नव्या गटाला सांगतो.

जून 2017 मध्ये जाहीर झालं. एडीएनआयच्या डेटावरून सांगायचं होतं: पुढच्या काही वर्षांत या ठरावीक लोकांचं निदान काय असेल, मेंदूतल्या पोकळ्यांचं आकारमान किती होईल, आणि एडास-कॉग या चाचणीत त्यांना किती गुण मिळतील. नोव्हेंबर 2017 मध्ये उत्तरं बंद. मग आयोजक थांबले, कारण उत्तरपत्रिका तेव्हा जन्मालाच आलेली नव्हती. ती माणसं पुढच्या तपासण्यांना आली, तेव्हा कुठे खरं-खोटं झालं. डेटा चोरून बघण्याचा प्रश्नच नाही. बक्षिसासाठी 30,000 पौंड होते. 33 गटांनी 92 अल्गोरिदम पाठवले.

निकाल असा. निदान आणि पोकळ्यांचं आकारमान बऱ्यापैकी सांगता आलं. एडास-कॉगच्या गुणांच्या बाबतीत मात्र सगळे जवळपास आपटले; अंदाज म्हणून ठोकून दिलेल्या आकड्यांपेक्षा ठळकपणे चांगलं कुणाला जमलं नाही. मेंदूचं चित्र सरळ खाली उतरतं. चाचणीचे गुण मात्र झोप नीट झाली नाही, परीक्षक बदलला, ऐकू कमी आलं, मुलीशी सकाळी खटका उडाला, या सगळ्यानं वरखाली होतात. आणखी एक: सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी बहुतेक एकट्यादुकट्या गटापेक्षा सरस ठरली.

दोन वर्षांनी गुण वाढलेले दिसतात. माणूस बरा झाला?

बहुतेक वेळा त्याला चाचणी पाठ झालेली असते, याला सरावाचा परिणाम म्हणतात. दुसरं, जे खचले ते दुसऱ्या फेरीला आलेच नाहीत. घर बदललं, अंथरुणाला खिळले, वारले. उरले ते ठणठणीत. त्यांची सरासरी वाढणारच. गळालेल्यांची पहिल्या फेरीतली स्थिती वेगळी काढून बघितल्याशिवाय ‘घसरण संथ आहे’ असं लिहू नका.

वेगवेगळ्या देशांचे आकडे एकत्र करता येतात का?

एमएचटी-सीईटी ज्यांच्या घरात होऊन गेली त्यांना हे पटकन कळेल. वेगवेगळ्या सत्रांचे पेपर वेगळे, म्हणून पर्सेंटाइल काढतात. पण तिथे गृहीत धरतात की सत्रांमधली मुलं साधारण सारखीच आहेत. इथे ते गृहीत धरता येत नाही. इंग्लंडमधले आणि बिहारमधले सत्तरीतले लोक सारखे नाहीतच. म्हणून दोन्ही पेपरांत काही प्रश्न अगदी तेच असावे लागतात आणि त्या प्रश्नांच्या आधारानं दोन्ही मोजपट्ट्या जोडतात.

यासाठीच एचसीएपी हा समान चाचणी-संच आखला गेला. अमेरिकेत 2016 मध्ये वापरला, मग इंग्लंड, मेक्सिको, चीन, दक्षिण आफ्रिका. लासी-डॅड ही त्याची भारतीय बहीण. पण ‘तोच प्रश्न’ खरंच तोच आहे का, हे तपासावं लागतं. समान क्षमतेच्या दोन माणसांपैकी एकाला केवळ भाषेमुळे किंवा शाळेमुळे प्रश्न अवघड जातो का, हे बघण्याची तंत्रं आहेत. वर ‘जग’ आणि ‘गज’ची गोष्ट सांगितली ती यासाठी. गटातला मराठी माणूस हे गणित सुरू होण्याआधीच कुठला प्रश्न खोड्या करणार हे सांगू शकतो.

नावं तर काढलेली असतात. मग गोपनीयतेचा एवढा बाऊ का?

94 वर्षांच्या, चार मुली असलेल्या, निवृत्त पोस्टमास्तर बाई एका तालुक्यात किती असतील? म्हणून तक्त्यात अगदी छोटे आकडे दाखवू देत नाहीत आणि गावाचं नाव डेटात नसतं. भारतात आयसीएमआरची 2017 ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. परदेशी संस्थेसोबत आरोग्याचा डेटा वाटून घ्यायचा तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, आणि तिला वेळ लागतो.

हल्ली सतत विचारलं जातं: चॅटबॉटला डेटा चिकटवून कोड लिहून घेऊ का? कोड विचारा, डेटा चिकटवू नका. तुम्ही सही केलेल्या करारात तिसऱ्याला डेटा देणार नाही असं लिहिलेलं असतं, आणि चॅटची खिडकी तिसरीच.

तीन दिवसांत पेपर होतो का? नाव कुणाचं लागतं?

तीन दिवसांत पेपर होत नाही. स्लाइड होतात, आणि चांगला गट असेल तर वर्षभरात पेपर. पहिलं नाव कुणाचं हे शेवटच्या दिवशी नव्हे, पहिल्या दिवशी जेवायच्या आधी ठरवा. मैत्री टिकते. डेटा देणाऱ्यांच्याही अटी असतात. एडीएनआय वापरला तर लेखकांच्या ओळीत त्या प्रकल्पाचा उल्लेख ठरावीक शब्दांत करावा लागतो.

यातून रुग्णाला काय मिळतं, खरं सांगा.

त्या आठवड्यात काहीच नाही.

पण एक दाखला देतो. 10/66 नावाचा एक संशोधन गट आहे. नावाचा अर्थ असा की जगातल्या दोन तृतीयांश स्मृतिभ्रंश रुग्णांवर, म्हणजे विकसनशील देशांतल्या रुग्णांवर, एकूण संशोधनापैकी 10 टक्क्यांहून कमी संशोधन होतं. त्यांच्या कामाशी जोडलेली एक चाचणी गोव्यात झाली, 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. 81 कुटुंबं. डॉक्टर नव्हे, गावातल्याच प्रशिक्षण दिलेल्या व्यक्ती घरी जायच्या, काळजी घेणाऱ्यांशी बोलायच्या, रुग्ण चिडला तर काय करायचं, मदत कुठून मिळेल ते सांगायच्या. काळजी घेणाऱ्या बायका-माणसांच्या मनावरचा ताण मोजण्याइतका कमी झाला. 81 कुटुंबांच्या डेटावर मशीन लर्निंग चालणार नाही, पण पुढच्या डेटाथॉनला कुठला प्रश्न विचारावा हे तो डेटा सांगतो. सुनेच्या झोपेचा स्तंभ किती सर्वेक्षणांत आहे, मोजून बघा.

महाराष्ट्रात आपणच एक भरवायचा झाला तर?

भव्य करू नका. वीस माणसं, दोन दिवस, लासीचा खुला डेटा, तीन प्रश्न. नोंदणी आणि करार आधी दोन-तीन महिने करून ठेवा, कारण अर्धे उपक्रम परवानगीच्या वाटेवरच अडकतात. चार गटांत प्रत्येकी एक तरी डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ, आणि एक तरी असा माणूस ज्यानं घरी जाऊन प्रश्न विचारलेत. पहिली सकाळ फक्त मराठी प्रश्नावली मोठ्यानं वाचण्यात घालवा. बक्षीस ठेवू नका. ठेवलंत तर सगळ्यात नीट ‘आम्हाला उत्तर सापडलं नाही’ असं दाखवणाऱ्या गटाला द्या.

लॅपटॉप कुठला लागेल?

जुना चालेल. चार्जर मात्र आठवणीनं आणा.

माझ्या आजीची चाचणी मीच घरी घेतली, 19 गुण आले. हा डेटा पाठवू का?

नको. तो डेटा नाही, ती तुमची आजी आहे. परीक्षक बदलला की गुण कसे वरखाली होतात ते वर वाचलंतच, मग घरच्याच माणसानं घेतलेल्या चाचणीचं काय सांगावं. त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि विसरणं कधीपासून, कसं वाढलं, रोजची कामं कुठली जमेनाशी झाली हे कागदावर लिहून न्या. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, ऐकू न येणं, झोपेच्या गोळ्या यांनीही माणूस विसराळू होतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. कानाचा तपास आधी करून घेतलात तर उत्तम. ज्या आजोबांना प्रश्नच ऐकू आला नाही, त्यांचे शून्य गुण मी डेटात फार वेळा पाहिले आहेत.